मिरगी असताना आई व्हायचंय? सुरुवात गोळीच्या पाकिटापासून करा

आपल्याकडे विदर्भातल्या खेड्यात पोरीला मिरगी आहे ही गोष्ट सहसा दोनदाच घराबाहेर जाते. एकदा शाळेत नाहीतर वावरात फिट येते तेव्हा, आणि मग थेट लग्नानंतर, सासरी चारचौघांत झटका येतो तेव्हा. मधली वर्षं गोळ्या पिठाच्या डब्यामागे, बॅगेच्या चोरकप्प्यात नाहीतर माहेरीच राहतात. होणाऱ्या लेकराच्या मेंदूचं बरंचसं भवितव्य मात्र याच गुपचूप काळात ठरतं, म्हणून हा लेख गरोदरपणाच्या बराच आधीपासून सुरू करावा लागतो.

कारण अगदी साधं आहे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, आशाताईंकडून निश्चय किट आणून तपासलं, तोवर ते दिवस संपत आलेले असतात. गोळी बदलायची असेल, फॉलिक ॲसिड सुरू करायचं असेल, तर ते दिवस जाण्याआधीच व्हायला हवं.

आधी एक दिलासा. मिरगी असलेल्या १०० बायांपैकी ९० हून अधिक जणींना धडधाकट मूल होतं. ‘मिरगीवालीला मूल नको’ ही नुसती ऐकीव भीती आहे. धोका आहे, पण तो कुठे आहे हे माहीत असलं तर बराचसा टाळता येतो.

पहिली पायरी: पाकीट उलटं करून नाव वाचा

गावातले मेडिकलवाले पट्टी कापून गोळ्या देतात. दहातल्या सहा मागितल्या की सहाच मिळतात, आणि औषधाचं खरं नाव कधीकधी उरलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर जातं. हातात राहते ती ‘पांढरी मोठी गोळी, रात्रीची’. म्हणून एकदा तरी पूर्ण पट्टी घ्या आणि कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव मेडिकलवाल्याकडून किंवा दहावी-बारावीतल्या पोरापोरीकडून वाचून घ्या. ते आपल्या अक्षरात कागदावर लिहून ठेवा. मोबाइलमध्ये पट्टीचा फोटो असला तर आणखी बरं.

एन्कोरेट, व्हॅलपरिन, एपिलेक्स ही नावं ओळखीची असतील, तर आतलं औषध व्हॅल्प्रोएट आहे. पट्टीवर सोडियम व्हॅल्प्रोएट, व्हॅल्प्रोइक ॲसिड किंवा डायव्हलप्रोएक्स असं काहीही असलं तरी तिन्हींचा अर्थ एकच. हेच औषध अर्धशिशीवर आणि मनाच्या काही आजारांवरही देतात. तेव्हा ‘मला मिरगी नाही, मी डोक्याच्या गोळ्या घेते’ म्हणणाऱ्या बाईनेही पट्टी पाहून घ्यावी.

एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन, टेग्रिटाल आणि माझेटॉल म्हणजे कार्बामाझेपाइन, लेव्हिपिल आणि लेव्हेरा म्हणजे लेव्हेटिरासिटॅम, लॅमिटोर आणि लॅमेटेक म्हणजे लॅमोट्रिजिन, फ्रिझियम म्हणजे क्लोबाझाम.

कोणत्या गोळीत किती धोका

इथे आकडे सांगतो, कारण ‘धोका आहे’ एवढंच ऐकून घरचे लोक सगळ्याच गोळ्या बंद करतात.

कोणतंही औषध न घेणाऱ्या आईच्या पोटीही १०० पैकी २ ते ३ बाळांत जन्मतः मोठं व्यंग आढळतं. युरॅप नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम घेणाऱ्या आयांच्या बाळांत हे प्रमाण १०० मागे ३ च्या आतच होतं. कार्बामाझेपाइनवर साडेपाच, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनवर साडेसहाच्या आसपास, आणि व्हॅल्प्रोएटवर १० च्या वर. व्हॅल्प्रोएटचा डोस जितका मोठा तितका धोका मोठा. दिवसाला १,४५० मिलिग्रॅमच्या वर गेलेल्यांत चारातल्या एका बाळाला व्यंग होतं. ६५० मिलिग्रॅमपर्यंतच्या लहान डोसवरही ते १०० मागे ६ होतं, म्हणजे ‘अर्धीच गोळी घेते’ हा काही बचाव नाही.

व्यंग निदान डोळ्यांना दिसतं. कण्याची फट, हृदयाचं छिद्र, फाटलेला ओठ सोनोग्राफीत किंवा जन्मल्यावर कळतात. बुद्धीवरचा परिणाम मात्र सोनोग्राफीत दिसत नाही. पोटात व्हॅल्प्रोएट मिळालेल्या १०० मुलांपैकी ३० ते ४० जणांना वाढीच्या अडचणी येतात. उशिरा बोलणं, उशिरा चालणं, लक्ष न लागणं, अभ्यासात मागे पडणं, काहींत ऑटिझम. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशा मुलांना सहाव्या वर्षापर्यंत तपासत राहिले आणि २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. व्हॅल्प्रोएटवाल्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ९७, कार्बामाझेपाइनवाल्यांचा १०५, लॅमोट्रिजिन आणि फेनिटॉइनवाल्यांचा १०८. गावात अशा पोराला ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर बसवतात, आणि आईने गरोदरपणी कोणती गोळी खाल्ली होती हे तिला कुणी विचारत नाही.

टोपिरामेट या मिरगीच्या आणखी एका औषधावरही आता तशीच शंका आहे. उत्तर युरोपातल्या देशांच्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासात या औषधाच्या मुलांत ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमता जास्त दिसली. फेनोबार्बिटोन स्वस्त आहे आणि बऱ्याच सरकारी दवाखान्यांत मिळतं, पण मूल हवं असलेल्या बाईसाठी ती पहिली पसंती असू नये. क्लोबाझामबद्दल माहिती तोकडी आहे. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या दोन्हींबद्दल आजवरचा अनुभव सर्वांत चांगला आहे, म्हणून डॉक्टर शक्यतो त्यांकडे वळतात. काही जणींच्या मिरगीला मात्र व्हॅल्प्रोएटशिवाय दुसरं काही लागूच पडत नाही. तिथे कमीत कमी डोस आणि जास्त देखरेख, हाच मार्ग उरतो.

पुरुषांचंही एका वाक्यात सांगून टाकतो. २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पुरुषांनाही मूल ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोलायला सांगितलंय. पुरावा अजून कच्चा आहे, पण विचारायला हरकत नाही.

दुसरी पायरी: लग्न ठरताना, नाहीतर निदान पाळणा ठरवताना, डॉक्टर गाठा

लपवलेली मिरगी नवऱ्यापेक्षा बाळाला जास्त महागात पडते, असं माझं स्पष्ट मत आहे. नवी सून सासूसमोर गोळी घेऊ शकत नाही, एक दिवस चुकते, दोन दिवस चुकतात, हरतालिकेचा निर्जळ उपवास होतो, महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात रात्र जागून जाते, आणि झटका येतो. निदान होणाऱ्या नवऱ्याला तरी आधी सांगा. कायद्याची भीती घालणाऱ्यांना सांगता येईल की हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची अट १९९९ मध्येच काढून टाकली आहे.

मग तज्ज्ञाकडे एक फेरी करा. नागपूरचं मेडिकल, एम्स, सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगी, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाचं सरकारी मेडिकल कॉलेज, जे जवळ पडेल ते. पहिल्या एसटीने निघणार असाल तर सकाळची गोळी सोबत घ्या. ओपीडीच्या रांगेत दुपार होते, आणि तिथेच फिट आलेल्या बाया पाहिल्या आहेत. एवढा प्रवास झेपत नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं. सुरुवात तिथून केली तरी चालेल.

डॉक्टरांना हे शब्द जसेच्या तसे सांगा: ‘मला येत्या वर्षात मूल हवंय. ही गोळी चालेल का, बदलायची का, डोस कमी करता येईल का?’ हे तुम्ही आपणहून सांगावं लागतं. ओपीडीच्या गर्दीत तुमचं लग्न ठरलंय हे डॉक्टरांना कळायला मार्ग नाही. दोन-तीन औषधं चालू असतील तर एकावर भागेल का, हेही विचारा.

गोळी बदलायची म्हणजे नवी हळूहळू वाढवत जुनी हळूहळू कमी करायची, आणि मग काही महिने झटके आवरतात का ते पाहायचं. दोन दिवसांत होणारं हे काम नाही. तोवर दिवस जाऊ नयेत याची काळजी घ्या. इथे एक खोच आहे. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन आणि कार्बामाझेपाइन चालू असताना पाळणा लांबवायच्या नेहमीच्या गोळ्या कमी काम करतात. लॅमोट्रिजिनवर असाल तर उलटं घडतं, त्या गोळ्यांनी लॅमोट्रिजिनचंच रक्तातलं प्रमाण उतरतं. तांबी या सगळ्यांबरोबर बिनधास्त चालते.

नवी औषधं तालुक्याच्या मेडिकलात नसली तर जनऔषधी दुकानात विचारा, लेव्हेटिरासिटॅम तिथे बरंच स्वस्त पडतं. घरात नेहमी पंधरा दिवसांचा जास्तीचा साठा असू द्या. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की मेळघाटात आणि गडचिरोलीत रस्ता बंद होतो. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्यांनी तर पूर्ण हंगामाच्या गोळ्या आणि चिठ्ठीची झेरॉक्स बांधूनच निघावं.

तिसरी पायरी: फॉलिक ॲसिड

दिवस जाण्याच्या दोन-तीन महिने आधीपासून रोज. आपल्याकडे मिरगीच्या बायांना बहुतेक डॉक्टर ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. डोस त्यांनाच ठरवू द्या. आशाताईंकडच्या लाल गोळीत लोहासोबत अर्धा मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती घेताय म्हणून दुसरी चालू करायची राहू देऊ नका. मघा सांगितलेल्या अमेरिका-ब्रिटनच्या अभ्यासात गर्भ राहण्याच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतलेल्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी १०८ होता, न घेतलेल्यांच्या मुलांचा १०१. पण याने व्हॅल्प्रोएटचा दोष धुतला जात नाही.

दिवस गेले, आता?

आमच्या भागात इथे हमखास एक संवाद होतो. सासू म्हणते, “दोन जिवाची झाली, आता गोया कायले खातं व बाई? लेकराले बाधतीन ना त्या.” सून मान खाली घालते आणि गोळी बंद होते.

हीच ती जागा, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. गोळी एकाएकी बंद केली की मोठे झटके लागोपाठ येऊ शकतात. चुलीवर पडणं, विहिरीच्या काठावर फिट येणं, झोपेतच जीव जाणं, हे सगळं आईच्या बाबतीत घडतं. आणि मोठ्या झटक्यात आईचा श्वास अडतो तेव्हा बाळाचाही प्राणवायू कमी पडतो. सासूबाईंना शांतपणे सांगा: “आत्याबाई, गोळीपेक्षा झटका लेकराले जास्त बाधते. डॉक्टरले इचारल्याबिगर मी बंद नाही करत.” जमलं तर पुढच्या फेरीला त्यांनाच सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पुष्कळदा त्याच गोळीची आठवण करायला लागतात.

व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले असतील तरीही स्वतःहून बंद करू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. घाबरून गर्भ पाडायचा निर्णयही घाईत घेऊ नका, व्हॅल्प्रोएटवरच्याही बहुतेक बाळांत मोठं व्यंग नसतं. पुढे काय करायचं हे सोनोग्राफी, डोस आणि महिने पाहून ठरतं.

नाव लवकर नोंदवा आणि नोंदवतानाच मिरगी सांगा. माता-बाल संरक्षण कार्डावर जोखमीची गरोदर म्हणून लाल खूण होते. त्या लाल खुणेला लाजू नका, तिच्यामुळे पुढे रांग कमी लागते आणि रेफर लवकर होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात स्त्रीरोगतज्ज्ञ तपासतात, ती तारीख धरून ठेवा.

अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे अवयव पाहणारी सविस्तर सोनोग्राफी करून घ्या. ‘आतापर्यंत सगळं चांगलं आहे, मग कशाला’ म्हणून ती टाळली जाते. कणा आणि हृदय नीट बघायची हीच वेळ असते.

गरोदरपणात शरीर औषध वेगाने बाहेर टाकतं. लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं, लेव्हेटिरासिटॅमचंही उतरतं. म्हणून डॉक्टर डोस वाढवतात. डोस वाढला म्हणजे आजार वाढला असं नाही. ओकाऱ्यांत गोळी बाहेर पडली तर किती वेळाने पडली ते लक्षात ठेवून डॉक्टरांना किंवा सिस्टरला विचारा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, तेव्हा ओकाऱ्या आणि कमी पाणी हे दोन्ही जुळून येतं, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे उपाशी निघताना गोळी राहते. गोळी चहाच्या डब्याशेजारी ठेवा, चहा कुणी विसरत नाही.

झटका आलाच तर

कुशीवर वळवा, शक्यतो डावीकडे. घड्याळ बघा. तोंडात चमचा, पाणी, बोट काही घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, शुद्ध न येता दुसरा आला किंवा पोटावर पडली असेल तर १०८ ला फोन.

एक फरक सगळ्या घराला माहीत हवा. पाचव्या महिन्यानंतर आलेला प्रत्येक झटका मिरगीचा नसतो. डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड सुजलंय, बीपी वाढलंय आणि मग झटका आला, तर ते गरोदरपणाचं विषारी बीपी असू शकतं. त्याचं इंजेक्शन वेगळं आहे आणि उशीर जिवावर बेततो. ‘तिले तं आधीपासूनच मिरगी हाय’ म्हणत घरी थांबू नका. भूमकाकडे किंवा मांत्रिकाकडे आधी नेण्यात हाच वेळ जातो.

बाळंतपण आणि बाळंतिणीची खोली

दवाखान्यातच. मिरगी आहे एवढ्याच कारणाने सिझर करायची गरज नसते. पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर कागदपत्रं, पट्टीचे फोटो आणि गोळ्यांचा साठा सातव्या महिन्यातच माहेरच्या आशाताईंना दाखवा. सासरच्या आशाताईंची नोंद आपोआप तिकडे पोचत नाही. आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांना जोडून माहेरघर असतं, तारीख जवळ आली की आधीच तिथे राहायला जा. कळा सुरू झाल्या तरी गोळीची वेळ चुकवू नका. बाळाला जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं का, हे विचारून घ्या.

अंगावर दूध पाजा, चिकापासून. जवळजवळ सगळ्याच मिरगीच्या औषधांवर स्तनपान चालतं. फेनोबार्बिटोनवर बाळ फार झोपाळू वाटलं, ओढत नसलं, तर दाखवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बाजेखालच्या शेगडीची. बाळंतिणीला शेक द्यायचा म्हणून निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवतात, खोलीचं दार लावतात आणि सगळे कामाला जातात. मिरगी असलेल्या बाळंतिणीला त्या खोलीत झटका आला, तर लुगड्याचा पदर पेटायला कितीसा वेळ लागतो? शेगडी नको. शेकायचंच असेल तर कुणीतरी समोर बसलेलं असताना गरम पाण्याच्या पिशवीने. झोप जमिनीवरच्या गादीवर, बाळाला पाजणं खाली बसून भिंतीला टेकून. आंघोळ घालताना पायावर बाळ घेऊन एकटीने बसायचं नाही, आजी किंवा नणंद हवीच. रात्रीचं जागरण हे झटक्याचं मोठं कारण आहे. एकदा पाजून झालं की पुढचं लंगोट बदलणं, थोपटणं दुसऱ्या कुणी करावं. नवऱ्यानेही.

गरोदरपणात डोस वाढवला असेल तर बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच तो परत कमी करावा लागतो, लॅमोट्रिजिनच्या बाबतीत विशेषतः. चक्कर, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं हा ‘बाळंतवात’ नसून जास्त झालेलं औषध असू शकतं. दवाखान्यातून निघतानाच विचारा: ‘डोस कधी आणि किती कमी करायचा?’ पुढचं मूल लांबवायला तांबी बसवायची की काय, हेही तेव्हाच ठरवा.

बाळाच्या मेंदूवर लक्ष

मिरगी असलेल्या आईच्या बहुतेक मुलांना मिरगी होत नाही. बघायची ती वाढ. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या भेटींना घरी येतात, पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. त्यांना प्रत्येक वेळी सांगा की गरोदरपणात अमुक गोळी चालू होती.

घरच्यांनी पाहायच्या खुणा सोप्या आहेत. दोन महिन्यांचं झालं की बाळ तुमच्याकडे बघून हसतं. चारपर्यंत मान धरतं, नऊपर्यंत आधाराशिवाय बसतं, वर्षाच्या आत नाव घेतलं की वळून बघतं, दीड वर्षापर्यंत चालतं आणि दोन-चार शब्द बोलतं, दोन वर्षांचं झालं की ‘मम दे’, ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडतं. हे सगळं माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांसह असतं. चालणं वेळेवर आणि बोलणंच मागे, असं असेल तर ‘पोरगं बापावर गेलं, तोही उशिरा बोलला’ म्हणून थांबू नका. व्हॅल्प्रोएटचा मार भाषेवर विशेष पडतो. बाळाला झटके आले म्हणून पोटावर चटके देण्याचा प्रकार मात्र कुणीही सुचवला तरी नको.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. तो दिवस सेविकाताईंना आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका. पथकाने चिठ्ठी दिली की जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बोलण्याचे, हालचालींचे आणि खेळांचे उपचार मोफत मिळतात. दोन वर्षांच्या आत सुरू केले तर फरक जास्त पडतो. पुढे शाळेत घालताना गरोदरपणातल्या चिठ्ठ्यांची फाइल जपून ठेवा. पोरगं वाचायला मागे पडलं तर तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या गोळीचं नाव आणि डोस लागेल.